शब्दांची उगवण किती टक्के?

जून तोंडावर आला की जालन्यात दोन मालांच्या जाहिराती एकदमच झळकायला लागतात. एक बियाण्यांची, दुसरी इंग्रजीच्या क्लासची. मामा चौकाकडून गांधी चमनकडे निघालात तर एका खांबावर कपाशीचं टपोरं बोंड दिसतं आणि पुढच्या खांबावर टाय बांधलेला मुलगा. बियाणं घेताना आपला शेतकरी दुकानदाराला भंडावून सोडतो. लॉट कोणता, उगवण किती टक्के, मागच्या साली कोणाच्या रानात होतं, तिथं बोंडं किती धरली? तोच माणूस लेकराला क्लास लावायला जातो तेव्हा एकच विचारतो, "फी किती?" फार तर दुसरं, "काही कमी होईल का, सर?"

मधले प्रश्न राहूनच जातात. हा लेख त्या मधल्या प्रश्नांचा आहे. विषय इंग्रजी शब्दसंग्रहाचा, आणि तोही पाचवी ते बारावीच्या, मराठी किंवा सेमी माध्यमातल्या मुलांचा. इंग्रजी बोलण्याचा सराव हे वेगळं काम आहे, त्याचा हिशेब इथे धरलेला नाही. खाली रुपयांचे जे आकडे येतील त्यातले बरेचसे हिशेब समजावा म्हणून गोल धरले आहेत. तुमच्या गावचा भाव घाला आणि बेरीज पुन्हा करा.

माल किती हवा?

"३० दिवसांत ५००० शब्द" अशा थाटाचा फलक तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. भागाकार करून पाहा. दिवसाला १६७ शब्द. झोपेचे आठ तास सोडले तर जागेपणी दर पावणेसहा मिनिटांना एक नवा शब्द, आणि मधे जेवायचं नाही, शाळेत जायचं नाही, कालचं विसरायचंही नाही. हे कोणालाच जमत नाही. फलक लावणाऱ्यालाही नाही.

मुळात एवढ्या शब्दांची घाई कशाला? इंग्रजांच्या काळात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले मायकेल वेस्ट नावाचे गृहस्थ होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून मोजक्या शब्दांची पुस्तकं करण्यात त्यांनी बरीच वर्षं घातली. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सर्वांत कामाच्या सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्याच धर्तीवर २०१३ साली नवी यादी निघाली. तिच्यात सुमारे २८०० शब्द आहेत, आणि साधारण इंग्रजी मजकुरातले ९२ टक्के शब्द त्यांतलेच असतात. ऑक्सफर्डचीही ३००० शब्दांची यादी आहे. या याद्या इंटरनेटवर फुकट मिळतात. झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्यायला जो काही खर्च येईल तेवढाच.

९२ टक्के ऐकायला भरघोस वाटतं, पण शंभर शब्दांच्या उताऱ्यात आठ ठिकाणी ठेच लागते. इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र फारसं न अडता वाचायचं तर भाषातज्ज्ञ आठ-नऊ हजार शब्दकुळांचा (मूळ शब्द आणि त्यापासून निघालेले भाऊबंद मिळून एक कुळ) अंदाज सांगतात. तो पल्ला पुढच्या दहा वर्षांचा आहे. दहावीपर्यंत पहिले दोन-अडीच हजार शब्द पक्के झाले तर मुलगा तरला. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: तुम्ही शिकवणार ते शब्द कोणते? शोभेचे, लांबलचक, कोणी न वापरणारे शब्द शिकवले की मुलगा पाहुण्यांसमोर चमकतो आणि परीक्षेत 'ऑल्दो'पाशी अडतो.

सेमीच्या मुलांचं तर हेच होतं. विज्ञानातला 'फोटोसिंथेसिस' त्यांना येतो, कारण तो धड्यात दहा वेळा आलेला असतो. अडतात ते 'व्हेअरॅज', 'कन्सिस्ट', 'डिराइव्ह' यांच्यापाशी. प्रश्नात 'स्टेट' दिसलं की एखादं लेकरू नियम सांगायचं सोडून राज्याचं नाव शोधत बसतं. 'स्टेट', 'जस्टिफाय', 'डिस्टिंग्विश', 'मेन्शन' असे प्रश्नपत्रिकेतले पंधरा-वीस शब्द एका संध्याकाळी वहीत उतरवले तर सगळ्याच विषयांत त्याचा उपयोग होतो. खर्च शून्य. मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका शाळेत असतातच.

क्लासचा खरा हिशेब

समजा, क्लासची तीन महिन्यांची फी ६००० रुपये. आठवड्यातून तीन दिवस, एक तास. तेरा आठवड्यांचे ३९ तास होतात, म्हणजे तासाला १५४ रुपये. इथवरचा हिशेब सगळेच करतात. पण मूल बदनापूरहून, परतूरहून किंवा एखाद्या वाडीवरून येत असेल तर एसटीचं भाडं धरा. जायला-यायला ८० रुपये म्हटले तरी ३१२० झाले. (मुलगी असेल तर महिला सन्मान योजनेमुळे मार्च २०२३ पासून एसटीत तिकीट अर्धं, तेव्हा १५६०.) परतताना वडापाव-चहाचे २० रुपये, त्याचे ७८०. मुलाच्या बाबतीत एकूण ९९०० रुपये. फी ६००० होती हे लक्षात असू द्या.

आता माल मोजू. सरांनी दर तासाला पंधराएक शब्द दिले तर तीन महिन्यांत सुमारे ६०० शब्द वहीत उतरले. पण वहीत उतरलेला शब्द म्हणजे पोत्यातलं बी. त्यातलं उगवलं किती?

सोयाबीन पेरण्याआधी घरच्या घरी उगवण चाचणी करतात, ती इथल्या मुलांनी पाहिलेली असते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, ओल राखायची आणि काही दिवसांनी मोड मोजायचे. सत्तर फुटले तर बियाणं पेरायला चांगलं. कमी फुटले तर पेरा वाढवा किंवा बियाणं बदला. क्लासला हीच चाचणी लावा. पहिल्या आठवड्यात शिकवलेल्या शब्दांतले वीस शब्द चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका. डबा तीन आठवडे उघडू नका. मग एकेक चिठ्ठी काढून मुलाला अर्थ विचारा आणि त्या शब्दाचं एक वाक्य करायला सांगा. वीसपैकी चौदा आले तर क्लास चालू ठेवा. सहा आले तर सरांशी बोला. सर चिडले तर तेही एक उत्तरच समजा.

सत्तर टक्के उगवण असेल तर ६०० पैकी ४२० शब्द हाती लागले. ९९०० रुपयांना भागलं तर शब्द साधारण २४ रुपयांना पडला. तीस टक्के असेल तर ५५ रुपयांना. घरचा हिशेब याच्याशेजारी मांडा: रोज पाच शब्द, आठवड्यातले सहा दिवस, तेच तेरा आठवडे, म्हणजे ३९० शब्द. सत्तर टक्क्यांनी २७३. वही ६० रुपये, पेन १० रुपये, जुना शब्दकोश २०० रुपये. शब्द एक रुपयाला पडला.

म्हणून क्लास वाईट, असं म्हणायचं नाही. घरात अभ्यासाला बसवणारं कोणी नसेल, मूल एकटं बसलं की पेंगत असेल, तर ठरावीक वेळ आणि शेजारी बसलेली चार मुलं यांचीही किंमत असते. चांगले सर शब्द वाक्यात वापरून घेतात, चूक तिथल्या तिथे सुधारतात, मागच्या आठवड्याचं पुन्हा विचारतात. या कामाचे पैसे जरूर द्यावेत. पण नुसती यादी फळ्यावर लिहून उतरवून घेणाऱ्याला तासाला १५४ रुपये देण्यापेक्षा ती यादी झेरॉक्स केलेली बरी. फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. डेमोला जाल तेव्हा फलकाकडे पाहू नका, तिथे आधीपासून येणाऱ्या एखाद्या मुलाची वही मागून घ्या. दोन महिन्यांपूर्वीच्या शब्दांवर पुन्हा काही केल्याची खूण तिच्यात दिसते का? पहिल्या पानानंतर ते शब्द परत कुठेच दिसत नसतील तर निरोप घ्या.

एक 'लावणे', आठ क्रियापदं

मराठी मुलाची शब्दांची अडचण यादीने सुटत नाही, याचं कारण आपल्या बोलण्यातच आहे. 'लावणे' हे क्रियापद घ्या. आपण दिवा लावतो, दार लावतो, झाड लावतो, गाडी लावतो, हळद लावतो, कपाटात पुस्तकं लावतो, कवितेचा अर्थ लावतो आणि क्लासही लावतो. इंग्रजीत या आठ कामांना आठ शब्द आहेत: 'लाइट', 'क्लोज', 'प्लांट', 'पार्क', 'अप्लाय', 'अरेंज', 'इंटरप्रेट', 'जॉइन'. यादी पाठ करणाऱ्या मुलाच्या वहीत 'अप्लाय म्हणजे लावणे' एवढंच असतं, म्हणून ते दाराला 'अप्लाय' करतं.

'कडक'चंही तसंच. कडक चहा 'स्ट्राँग', कडक शिस्त 'स्ट्रिक्ट', कडक भाकरी 'हार्ड', मराठवाड्याचं मे महिन्यातलं कडक ऊन 'स्कॉर्चिंग'. मोठा पाऊस 'बिग' नसतो, 'हेवी' असतो, आणि वारा मात्र 'स्ट्राँग'. म्हणून शब्द वहीत कधीच एकटा लिहायचा नाही, जोडीदारासकट लिहायचा: 'हेवी रेन', 'स्ट्राँग टी', 'पार्क द कार'. संध्याकाळी आजीच्या तोंडचं एखादं क्रियापद घ्यायचं ('काढणे' घ्या, 'घालणे' घ्या, 'मारणे' घ्या) आणि त्याचे इंग्रजीत किती तुकडे पडतात ते शोधायचं. हा खेळ विकत मिळत नाही, कारण तो बनवणाऱ्याला मराठी यायला हवी. आजीला इंग्रजी येत नसेल तर फारच छान, ती अशी वाक्यं पुरवते की शब्दकोश दमतो.

शब्दकोश घेताना

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथे करा. नुसता इंग्रजी-मराठी कोश स्वस्त मिळतो, पण बऱ्याच खिशातल्या कोशांत शब्दापुढे चार मराठी प्रतिशब्द स्वल्पविराम देऊन ठेवलेले असतात आणि कोणता कुठे वापरायचा याचा पत्ता नसतो. घ्यायचा तो इंग्रजी-इंग्रजी-मराठी प्रकारचा: आधी सोप्या इंग्रजीत अर्थ, मग मराठी, मग वाक्य. ऑक्सफर्डचा असा कोश मिळतो. नव्याला पाचशेच्या आसपास धरा. जुन्या पुस्तकांच्या दुकानात सुस्थितीतली प्रत निम्म्यात सापडली तर खुशाल घ्या, कारण दहा वर्षांपूर्वीचा कोश शाळेच्या कामाला अजिबात शिळा होत नाही.

दुकानात उभ्या उभ्या परीक्षा घ्या. 'चार्ज' शब्द काढा. शुल्क, आरोप, विजेचा भार, मोबाइलचं चार्जिंग, एखाद्या कामाची जबाबदारी, चाल करून जाणं यांतले निदान चार अर्थ आणि त्यांची वाक्यं असतील तर कोश कामाचा. नाम की क्रियापद ते दिलेलं हवं. उच्चार देवनागरीत दिला असेल तर सुरुवातीला सोय होते, पण आपला एकच 'व' इंग्रजीतल्या दोन वेगळ्या अक्षरांचं काम करतो, त्यामुळे खरा उच्चार मोबाइलवर कानांनीच ऐकावा.

नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे १९४९ सालचं पुस्तक स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या गाड्यावरही दिसतं आणि पालक ते हौसेने आठवीतल्या मुलाला घेऊन देतात. पुस्तक उत्तम आहे, पण ज्याचे पहिले तीन हजार शब्द पक्के आहेत त्याच्यासाठी. लॅटिन-ग्रीक धातूंवरून शब्दांची कुळं उलगडत जाणारं ते लेखन बारावीनंतर, स्पर्धा परीक्षांच्या वेळी फळ देतं. आठवीत घेतलं तर ते शोकेसमध्ये राहतं. शिवाय फारच स्वस्त मिळालं तर आत पाहून घ्या: अक्षर फिकट, कागद पारदर्शक, मधली पानं गायब, ही चोरट्या आवृत्तीची लक्षणं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अजूनही मिळते. तिची वाक्यं जुन्या वळणाची आहेत, पण मराठी वाक्य इंग्रजीत वळवताना शब्द कसा बसवायचा हे तिच्याइतकं स्वस्तात शिकवणारं फार थोडं आहे.

आणि फ्लॅशकार्डांचा चकचकीत खोका? तो मी एकदा घेतला. दोन वर्षं झाली, प्लॅस्टिक अजून निम्मंच फाडलेलं आहे.

त्यापेक्षा घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. एका लग्नसराईत मराठवाड्यातल्या घरात येणाऱ्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजू वर्षभर पुरतात. पत्त्यांएवढे तुकडे कापायचे. एका बाजूला शब्द जोडीदारासकट, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि मुलाने स्वतः केलेलं वाक्य. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे करायचे. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने. जर्मनीतल्या सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये ही रीत पुस्तकात मांडली, आणि आज पैसे घेऊन विकली जाणारी अनेक अ‍ॅप्स तेच कप्पे पडद्यावर दाखवतात. शब्द डोक्यात बसायला तो अधूनमधून आठ-दहा वेळा भेटावा लागतो. खोका फक्त त्या भेटी घडवून आणतो.

मोबाइल: फुकट काय, विकत काय

कार्डांचं हेच काम मोबाइलवर हवं असेल तर अँकीड्रॉइड हे अँड्रॉइडवरचं अ‍ॅप पूर्ण फुकट आहे. आयफोनवर मात्र त्याच घराण्यातल्या अधिकृत अ‍ॅपला पैसे पडतात. वाचायला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे. एकच गोष्ट मराठीतही आणि इंग्रजीतही सापडते, पातळ्या दिलेल्या आहेत, आणि एक पैसा लागत नाही. लहान भावंडाला मराठीतून गोष्ट वाचून दाखवायची आणि नंतर स्वतः इंग्रजीतून वाचायची, असा सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास फार झकास होतो. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत उतरवता येतात. मराठी माध्यमाच्या सातवीतल्या मुलाला इंग्रजी माध्यमाचं चौथीचं पुस्तक वाचायला द्या, शब्द आपोआप येतील. ब्रिटिश कौन्सिल आणि बीबीसी यांचे इंग्रजी शिकवण्याचे धडेही फुकट आहेत.

फुकट म्हणताना डेटाचा खर्च विसरू नका. २८ दिवसांचं रिचार्ज तीनशेच्या घरात जातं. पण ते घरात एरवीही होतच असतं. खरी अडचण वेळेची: घरात फोन एक, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील रानात. म्हणून लागेल ते संध्याकाळी एकदाच उतरवून घ्यायचं आणि बाकी कागदावर करायचं.

विकतच्या अ‍ॅपमध्ये पैसे जातात ते 'सात दिवस मोफत' या दाराने. त्या वेळी यूपीआय ऑटोपेला होकार दिलेला असतो. आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, ती आपण वाचत नाही एवढंच. मोफत मुदत सुरू केलीत त्याच दिवशी प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये आणि यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपेमध्ये जाऊन ते बंद करून टाका. आणि पैसे भरण्याआधी एवढं पाहा की ते अ‍ॅप मराठीतून शिकवतं का. हिंदीतून इंग्रजी शिकताना मुलाला दोन भाषा ओलांडाव्या लागतात.

ग्रंथालय, रद्दी आणि बियाण्याची पिशवी

सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ पासून आहे, आणि अनुदान घेणारी ग्रंथालयं तालुक्यालाच नव्हे, बऱ्याच मोठ्या गावांतही आहेत. मासिक वर्गणी बहुधा एका वडापावच्या आसपास, अनामत रक्कम परत मिळणारी. इंग्रजी पुस्तकांचं कपाट लहान असेल, पण शब्दकोश तिथे बसून पाहता येतो. ग्रंथपालांना मुलांसाठी 'टिंकल' मागवायची विनंती करा. १९८० पासून निघणारं हे चित्रमासिक सोप्या, बोलत्या इंग्रजीत असतं. त्याचे जुने अंक रद्दीच्या दुकानात किलोच्या भावाने मिळतात. रद्दीवाल्याशी ओळख ठेवावी, असं माझं सर्व पालकांना सांगणं आहे. जुने 'रीडर्स डायजेस्ट' त्याच्याकडेच सापडतात आणि त्यात दर अंकाला शब्दांचं कोडं असतं.

इंग्रजी वर्तमानपत्र रोज घ्यायची गरज नाही. मराठी दैनिक घरात येतच असेल, त्यात रविवारी एक इंग्रजी जोडा. शनिवारी मराठीत वाचलेली बातमी रविवारी इंग्रजीत सापडली की निम्मे शब्द अंदाजाने उलगडतात. कपाशीच्या किंवा मोसंबीच्या भावाची बातमी असेल तर वडीलही मान वर करतात.

पण जालना जिल्ह्यातल्या मुलाला जी गोष्ट पुण्या-मुंबईच्या मुलाला मिळत नाही, ती घराच्या ओसरीवर पडलेली असते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, तेव्हापासून हे गाव बियाण्यांचं आहे. बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग मुलाच्या हातात द्या. त्यावर 'व्हरायटी', 'लॉट नंबर', 'जर्मिनेशन', 'प्युरिटी', 'डेट ऑफ टेस्ट', 'व्हॅलिड अपटू', 'नेट वेट' असं सगळं असतं. एका 'प्युरिटी'वरून 'प्युअर', 'प्युरिफाय', 'इम्प्युअर', 'इम्प्युरिटी' असे चार भाऊबंद निघतात. 'जर्मिनेशन'वरून 'जर्मिनेट', 'व्हॅलिड'वरून 'व्हॅलिडिटी', 'इनव्हॅलिड'. पाच मिनिटांत दहा शब्द, आणि विसरायची सोय नाही, कारण त्यांच्यावर घरचं वर्ष अवलंबून आहे. फवारणीच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोणही वाचून घ्या. लाल आणि पिवळ्यात 'पॉयझन' (लालवर कवटीसुद्धा), निळ्यात 'डेंजर', हिरव्यात 'कॉशन'. तिन्हींचा मराठीत आपण 'धोका' असा एकच अर्थ करून टाकतो. 'कॉशन' आणि 'पॉयझन' यांतला फरक ज्या लेकराला कळला ते वडिलांना हातमोजे घालायला सांगतं.

एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात वडील असतील तर 'फर्नेस', 'बिलेट', 'रोलिंग', 'स्क्रॅप', 'शिफ्ट', 'ओव्हरटाइम' हे शब्द घरात येऊन राहिलेलेच आहेत. ते देवनागरीत बोलले जातात, स्पेलिंगने नाही. ओळखीच्या शब्दाचं स्पेलिंग लिहायला मुलाला नव्या शब्दापेक्षा फार कमी वेळ लागतो. अशा 'घरच्या' शब्दांची यादी केलीत तर दीडदोनशे सहज भरतील.

परीक्षेत किती वजन?

फार नाही, आणि हे माहीत असलेलं बरं. मराठी माध्यमाच्या दहावीच्या ८० गुणांच्या इंग्रजी पेपरात शब्दखेळांचा भाग, म्हणजे शब्दसाखळी, एका शब्दातून चार शब्द, उपसर्ग-प्रत्यय वगैरे, पहिल्या दहा गुणांत संपतो. पण उतारे, पत्र, निबंध हे सगळं शब्दांवरच उभं आहे. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, आणि तिथे समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांनी अनेकांची वाट अडवली. शाळेमार्फत येणाऱ्या खासगी इंग्रजी स्पर्धा-परीक्षांचे अर्ज ऐच्छिक असतात. शे-दोनशे रुपये आणि एक पदक, हौस असेल तर भरा, नसेल तर नाही म्हणा.

पैसे अडकले तर

फी एकदम भरू नका, महिन्याने भरा. "एकदम भरल्यास २० टक्के सूट" ही सूट उगवण चाचणी होण्याआधी पैसे घेण्यासाठी असते. पावती छापील घ्या. तिच्यावर १८ टक्के जीएसटी लावला असेल तर जीएसटी क्रमांकही असायला हवा, क्रमांक नसेल तर तो कर देऊ नका. वह्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे आणि छापील पुस्तकांवर तो आधीपासूनच नाही, तेव्हा स्टेशनरीच्या दुकानात 'वर कर' म्हणून कोणी काही मागितलं तर छापील किमतीवर बोट ठेवा.

क्लास मधेच सोडावा लागला तर उरलेल्या दिवसांची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. त्या सूचना पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासना डोळ्यांसमोर ठेवून आहेत. फसव्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळे नियम काढले: खोटी हमी, खोटे निकाल, लपवलेल्या अटी चालणार नाहीत. म्हणून "५००० शब्दांची गॅरंटी" लिहिलेला फलक दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची. आधी मात्र सरांना लेखी अर्ज द्या, तारीख टाकून, आणि त्याची पोच घ्या. निम्मी प्रकरणं त्या पोचेवरच मिटतात, असा आमच्याकडचा अनुभव आहे.

बियाण्याची पावती, टॅग आणि रिकामी पिशवी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा, असं कृषी खातं दर खरिपाला सांगतं. बहुतेक घरांत ती एखाद्या बिस्किटाच्या डब्यात असते. क्लासची पावती, फलकाचा छापलेला फोटो आणि त्या वीस चिठ्ठ्या त्याच डब्यात ठेवा. डबा उघडायची तारीख वर पेनाने लिहा.